दुःखावर पुस्तक मिटायचं नाही

आमच्या वस्तीवर एक रीत आहे. वर्षावासात, म्हणजे आषाढी पौर्णिमेपासून अश्विनी पौर्णिमेपर्यंत, रोज संध्याकाळी विहारात ग्रंथ वाचतात. बौद्ध वस्त्यांवर सगळीकडेच वाचतात, त्यात नवल नाही. आमचं नवल पुढे आहे. वाचताना दुःखाचं पान आलं, कुणी मेलं, कुणाला घराबाहेर काढलं, तर तिथं त्या दिवसाचं वाचन थांबवायचं नाही. भाकरी करपू दे, लाईट जाऊ दे, पोरं पेंगू देत, जिवाला जरा बरं वाटेल अशा ओळीपर्यंत वाचत जायचं आणि मगच ग्रंथ मिटायचा. दुःखाचं पान गाळायचंही नाही. ते स्वच्छ, मोठ्यानं वाचायचं, फक्त त्यावर मिटायचं नाही. ही रीत कुणी घातली ठाऊक नाही. माझ्या आजीच्या वेळेपासून आहे आणि शेजारच्या गावांत नाही, एवढं मला माहीत आहे.

वस्ती रिह्याच्या खोऱ्यात, भातखाचरांच्या कडेला. तिथली वाचणारी म्हणजे माझी आई. शाळा अर्ध्यात सुटलेली, पण आवाज असा की विहारात वाचायला लागली की रस्त्यावरचा दुधवाला गाडी बंद करून ऐकायचा. मग तिच्या डोळ्यांत काचबिंदू निघाला. डॉक्टरांनी थेंब दिले, वेळेवर घालायला सांगितले, गेलेली नजर परत येणार नाही हेही सांगितलं. अक्षरं गेली, मग माणसांचे चेहरे गेले. उजेड-अंधार तेवढा राहिला.

मी जांबे गावात राहते, आयटी कंपन्यांच्या पाठीमागे, भाड्याच्या दोन खोल्यांत. आधी आम्ही दोघं होतो. नवरा वारला त्याला तेव्हा वर्ष होत आलं होतं आणि कॉलेज जवळ पडतं म्हणून मी तिथंच राहिले होते. आईला माझ्याकडे आणायचं मी ठरवलं. शहराजवळ डोळ्यांचे चांगले डॉक्टर, मी शिकलेली, थेंब वेळेवर घालीन वगैरे वगैरे. माझा भाऊ भरे गावाजवळच्या एका कारखान्यात कामाला आहे, आईसोबतच राहतो. तो चिडला. "हितं काय थेंब घालायला माणसं न्हाईत?" भावजयही गुणाची आहे, तिच्या हाताला यश आहे. तरी आई काही न बोलता गाडीत येऊन बसली. मला वाटलं, मी जिंकले.

जिंकल्याचा आनंद आठवडाभरही टिकला नाही, कारण आई गप्प झाली. विचारलं तर व्हय, न्हाई. जेवलीस का, जेवले. बरं वाटतंय का, वाटतंय. पलंगाच्या कडेला बसायची, मान जराशी कलती करून, आणि भिंतीकडे बघितल्यासारखी असायची. ते बघून मला नको नको ते सुचायचं. त्याला कारण माझी नोकरी.

कॉलेजात मी मूळ तुटलेल्या माणसांच्या कादंबऱ्या शिकवते. धरणात गाव गेलेले, जंगलातून हुसकलेले, गावकुसाबाहेरून शहरात आलेले. शिकवता शिकवता माझ्या ध्यानात आलंय की ही माणसं पुस्तकात ठरल्यासारखी वागतात. सुरुवातीला नदी, झाड, सण, गाणी. मग गाव सुटतं. मग आपल्याच बोलीची लाज वाटायला लागते, देव अडगळीत जातात, पोरं आईचं बोलणं ऐकून तोंड फिरवतात. शेवटी म्हातारं माणूस वेडं होतं, मरतं, नाहीतर गप्प होतं. गप्प होणं समीक्षकांना फार आवडतं. मलाही आवडायचं, खोटं कशाला बोलू. ती पानं वर्गात वाचताना माझा आवाज भरून यायचा आणि पोरी ओढणीनं डोळे पुसायच्या. आता तेच पान माझ्या पलंगाच्या कडेला बसलं होतं. बाई गं, म्हटलं, आपण आपल्या हातानं आईला उपटून आणली आणि ती वाळायला लागली.

वर्षावास सुरू झालेला. ग्रंथ वाचून दाखवू का विचारलं, तर म्हणाली, "त्यो विहारात चालू हाय. तुला जे शिकवायचं आसंल ते वाच." म्हणून संध्याकाळी कॉलेजातून आले की मी तिला वर्गातल्या कादंबऱ्या वाचून दाखवायला लागले. ती ऐकायची. हुंकारही द्यायची नाही.

त्यातली एक कादंबरी जंगलातल्या पाड्यावरच्या बाईची. पाडा उठतो, तिला शहराकडेला पत्र्याच्या वसाहतीत आणून टाकतात. टोपल्या विणणारी बाई, पण तिथं बांबू नाही आणि टोपल्या कुणाला नकोत. तिच्या बोलण्याला लोक हसतात, सूनही हसते. शेवटच्या पानावर ती भिंतीकडे तोंड करून बसते आणि पुन्हा बोलत नाही. हे पान आईला वाचावं की नको, मी घुटमळले. पण पान गाळायचं नाही हे अंगात मुरलेलं. वाचलं. वाचून पुस्तक मिटलं.

"मिटलंस?" आई म्हणाली.

"संपलं, आई."

"आसं कसं संपंल? दुःखावर मिटायचं न्हाई, यवढं बी इसरलीस व्हय? पुढं वाच."

"पुढं पानच नाही."

"नसंल तर नसंल. ती बाई उठती का न्हाई ते सांग."

मी तिला समजावायला लागले, की लेखकाला तिचं तुटणं दाखवायचंय, तिची भाषा गेली, संस्कृती गेली, तिच्या गप्प बसण्यातच सगळं आहे. आईनं माझं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "त्या वसाहतीत नळाला पाणी कवा येतं?"

"ते पुस्तकात नाही."

"पुस्तकात नसंल, पर नळाला येत आसंलच की. पाणी आलं की उठली आसंल. भितीकडं तोंड करून बसायला पाण्याची येळ सोडती का कोन? हंडा घिऊन गेली आसंल, तितं कुनीतरी नंबरात घुसलं आसंल, मग कशाची गप बसती." ती पहिल्यांदा हसली. "आन भांडली आसंल तर आपल्याच बोलीत भांडली आसंल. भांडान दुसऱ्याच्या बोलीत येत न्हाई."

माझा जीव भांड्यात पडला. इतक्या दिवसांनी एवढं बोलली होती. मी उठून चहा टाकला आणि ओट्याशी उभी राहून थोडी रडून घेतली. आईनं तिकडून विचारलं, "साखर सापडंना का?"

त्यानंतर आमचं वाचन रंगायला लागलं. मी मोठ्यानं वाचायची, ती मध्येच हात वर करून थांबवायची, मतं द्यायची. खिडकी रस्त्याकडे, त्यामुळे आवाज खाली जायचा. खाली घरमालकीण राहते. साठीची बाई, इथल्याच जुन्या बागायतदार घरातली. आमच्या खोल्यांच्या तीन मजल्यांखाली पूर्वी तिचं उसाचं वावर होतं. आई आल्यापासून ती एकदाच वर आली होती, तेही तक्रार घेऊन, की तुमच्या मोरीचा नळ सकाळी लई वेळ चालू राहतो, टाकी रिकामी होते. मी म्हटलं होतं, वायसर गेलाय, बदलून घेते. आता आली ती डोक्यावर पदर घेऊन, हातात नारळ, हळदी-कुंकू आणि उदबत्तीचा पुडा. रोज संध्याकाळी वाचन ऐकू येतंय म्हणजे वर पोथी लावलीय, अशी तिची समजूत. आल्या आल्या तिनं माझ्या हातातल्या कादंबरीला वाकून नमस्कार केला.

मला हसू आवरेना. आईनं काय झालं विचारलं. सांगितलं. तशी ती म्हणाली, "आवो बाई, पोथी न्हाई ती, कादंबरी हाय. आन आमच्यात नारळ फुडत न्हाईत. पर आनलाच हाय तर राहू द्या, खिरीत घालू. बसा."

'आमच्यात' म्हटल्यावर घरमालकिणीला जे कळायचं ते कळलं असणार. माझं भाडेपत्र तिच्या मुलानं केलेलं, तिला आमची जात ठाऊक होती की नव्हती कोण जाणे. ती क्षणभर उभी राहिली आणि खाली फरशीवर बसली. मी चहा दिला. आई कान देऊन होती. तिच्या लहानपणी गावातल्या अशाच घरांच्या वळचणीला आमच्या लोकांसाठी वेगळा कप खोचलेला असायचा, आपला आपण धुऊन परत खोचायचा. घरमालकीण चहा प्यायली आणि म्हणाली, साखर कमी झालीय. ती गेल्यावर आई कितीतरी वेळ स्वतःशीच म्हणत होती, "साखर मागितली तिनं." तिच्या आवाजात राग नव्हता. समाधान होतं, आणि थोडी गंमत.

मग घरमालकीण रोज यायला लागली. तिच्या पाठोपाठ वरच्या मजल्यावरची भाडेकरीण आली. हिंगोलीकडची तरणी बाई, कंपनीत साफसफाईचं काम करते. दमून यायची, भिंतीला टेकून बसायची, डबा पुसता पुसता ऐकायची. कादंबरी कुठलीही असो, शेवटचं पान वाचून झालं की आई म्हणायची, "हितं मिटायचं न्हाई," आणि मग तिघी मिळून त्या बाईला पुढं न्यायच्या. हिंगोलीची म्हणाली, "मावशी, ती घरी फोन लावत असंल. मी लावते की. आईला म्हणते, बोलू नको, फोन आंगणात धर. कोंबड्या ऐकते पाच मिनिटं, मग झोप लागते." हे कुठल्या पुस्तकात नव्हतं. असायला हवं होतं.

एकदा घरमालकीण म्हणाली, "त्या लोकांची गावं तरी लांब ऱ्हायली. आमी हितंच हाय आन आमची शेतं आमच्याच खोल्यांखाली गेली. कुटं बगावं तर सिमेंट." आई म्हणाली, "तुमचं शेत तुमच्या खोल्यांखाली हाय. आमाला शेतच नव्हतं, म्हनून ते गेलं बी न्हाई." मी दचकले. आता ही उठून जाते, असं वाटलं. घरमालकीण पदर सावरत म्हणाली, "ते बी खरं हाय म्हना." मग आईनं हात चाचपत पुढं केला आणि तिचा गुडघा थोपटला. "ऊस चांगला व्हता का?" "लई ग्वाड," ती म्हणाली, आणि त्या संध्याकाळी कादंबरी बाजूला राहून आम्ही तिच्या उसाबद्दलच ऐकलं.

आईनं मला त्या महिन्यांत जे शिकवलं, ते मी एवढी पुस्तकं वाचून शिकले नव्हते. कादंबरीत माणसाचं जे जे जातं ते हरवलेलंच असतं. एका कथेत वाजंत्र्याचा ढोल जप्त होतो आणि तो उरात दुःख घेऊन मरतो. मी आईला म्हटलं, आपल्या आजोबांचीही हलगी गेली ना. ती उसळली. "गेली न्हाई. बानं धम्म घेतला त्या दिशी हातानं फोडली. लोकांच्या दारात मान खाली घालून वाजवायची, मेलेल्याच्या म्होरं वाजवायची, आन वर शिळं तुकडं घ्यायचं. टाकली त्यानं. हरवलेलं येगळं आन टाकलेलं येगळं." मग तीच म्हणाली, "बोटं मातर गप बसायची न्हाईत त्याची. भाताच्या पोत्यावर वाजवायचा. आमी पोरं नाचायचो."

दुसऱ्या दिवशी वर्गात मी हे सांगितलं. गाव सुटणं म्हणजे काही जणांसाठी नदी सुटणं असतं आणि वळचणीचा कपही सुटणं असतं, आणि दोन्ही एकाच बाईच्या बाबतीत खरं असू शकतं. लिहिणारे आपल्या माणसांवर माया करतात, म्हणूनच त्यांचं तुटणं इतकं मन लावून लिहितात, याबद्दल मला त्यांचा आदर आहे. पण पुष्कळदा ते शेवटच्या पानाशी घाई करतात. सकाळच्या पाण्यापर्यंत थांबत नाहीत. एक पोरगी म्हणाली, मॅडम, मग पुढचं पान आम्ही लिहून आणू का? आणा म्हटलं. त्यांची पानं मी घरी वाचून दाखवली. आईनं निम्मी नापास केली, कारण त्यांत बाईला लगेच नोकरी लागत होती.

अश्विनी पौर्णिमेला वस्तीवर समाप्ती. आईला न्यायलाच हवं होतं. माझ्या मनात मात्र भीती बसली होती, की एकदा तिथं टेकली की ही परत यायची नाही. तिचं घर, तिची माणसं, विहार, भात निसवल्याचा वास. तिनं राहायचं म्हटलं तर मी कुठल्या तोंडानं नाही म्हणणार होते? तिला इथं आणायचा हट्ट माझा होता. आणि ती गेली की त्या दोन खोल्यांत परत मी एकटी, हे मला मनातल्या मनातसुद्धा म्हणवत नव्हतं. जाताना घरमालकिणीनं तांदूळ आणि गूळ दिला. म्हणाली, खिरीला घाला, आणि त्यांना परत घेऊन या.

विहारात शेवटचं प्रकरण भावजयीनं वाचलं, छान वाचलं. आई पुढे बसली होती आणि ओठ हलत होते, तिला पाठच होतं सगळं. खीर झाली. मग बायका तिच्याभोवती जमल्या. ऱ्हा की आता, म्हणाल्या. तितं काय, डबड्यासारख्या खोल्या. भाऊ तिच्या पायाशी बसून म्हणाला, "आई, तुझी खोली सारवून ठिवलीय. लाईट बदलली, पांढरी लावलीय, तुला उजेड तरी दिसंल." मी दाराशी उभी राहून चपलेचा पट्टा उगीचच नीट करत होते.

आईनं त्याच्या तोंडावरून हात फिरवला. "यीन की रं. दिवाळीला यीन, चांगली ऱ्हाईन. पर आज न्हाई. आमचं तितं पुस्तक चालू हाय, आन लई वाईट जागी थांबलंय. तसं टाकून कशी ऱ्हाऊ?"

यावर वस्तीवर कुणाला बोलायला जागाच नव्हती. रीतच ती. बायका हसल्या, भाऊही डोळे पुसत हसला. खिरीचा डबा, पापड, काकड्या गाडीत चढल्या आणि आम्ही निघालो.

वाटेतलं घोटवडं मागे पडलं. मला राहवेना. "आई, तू खोटं बोललीस. आपण परवाच कादंबरी संपवली. तिला उठवलीसुद्धा तुम्ही. नवीन तर अजून हातात घेतली नाही."

"मी कवा म्हनलं कादंबरीचं?"

"मग?"

ती समोर तोंड करून बसली होती. माण गावच्या रस्त्याचे दिवे तिच्या चेहऱ्यावरून सरकत होते. "तुझं म्हनत हुते," ती म्हणाली. "थेंब घालायला माझी सून व्हती की. मी त्यासाठी आले व्हय? जावई गेला, त्येचं दिस झाल्यावर तू वस्तीवर आलीस, चार दिस ऱ्हायलीस, आन कोरड्या डोळ्यानं परत गेलीस. तवाच म्हनलं, ही पोरगी भितीकडं तोंड करून बसनार."

"आणि तू का गप्प होतीस मग? मला वाटलं, तू वाळायला लागलीस."

"ऐकत हुते. मला दिसत न्हाई, म्हनून कान द्यावा लागतो. रोज सकाळी मोरीत नळ सोडून रडायचीस. ती बाई टाकीचं बोलाया आली, तिला म्हनलीस, वायसर गेलाय." ती थोडी थांबली. "आता नळ लवकर बंद हुतो. पर आजून बंद झाला न्हाई. मग मी कशी मिटू?"

एवढी वर्षं मी मूळ तुटलेल्या माणसांबद्दल बोलत आले आणि आमच्या दोघींत तुटलेलं कोण, हे त्या नजर गेलेल्या बाईला पहिल्या दिवसापासून दिसत होतं. आपलं घर, आपला विहार, आपल्या वाचनाची जागा तिनं माझ्यासाठी सोडली होती आणि मला वाटू दिलं होतं की मीच तिला सांभाळतेय. हे उपकार फिटायचे नाहीत, आणि मला ते फेडायचेही नाहीत. माझ्या डोळ्यांपुढं रस्ता पुसट झाला. मी गाडी कडेला घेतली आणि नळ न सोडता, तिच्या शेजारी बसून, मोठ्यानं रडले.

आईनं रडू दिलं. माझी पाठ चोळत राहिली. मागून कंपनीच्या बसनं भोंगा वाजवला, मग आणखी एका गाडीनं.

"रडायचं तर रड," ती म्हणाली, "पर हितं थांबू नगं. चल म्होरं."

मी डोळे पुसले आणि गाडी पुढे काढली.